हौसेचे मोल

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करण्याची चाल आमच्याकडे आहे. हत्यारे म्हणजे तलवारी नव्हेत. आमच्या घराण्यात कुणी तलवार उपसल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. वडील पोस्टात कारकून, मी बँकेत कारकून, तेव्हा उपसून उपसायचे काय, तर टाक नि टाचण्या! पण पाट मांडला जातो आणि त्यावर ज्याचे त्याचे हत्यार येऊन बसते. हिची कात्री, माझी पक्कड आणि सोल्डरिंग आयर्न, स्वयंपाकघरातली विळी. १९८० साली हप्त्यांनी घेतलेले शिवणाचे मशीन पाटावर मावत नाही म्हणून त्याला जागच्या जागीच हळदकुंकू मिळते. यंदा आमची अकरावीतली नात आली आणि तिने आपला लॅपटॉप आणून पक्कडीशेजारी ठेवला.

"हे गं कसलं हत्यार?" हिने विचारले.

"आजी, माझं ॲप यावरच तयार झालं ना!"

"केवढ्याला पडलं?"

"फुकट. लॅपटॉप बाबांचा जुना. आणि त्याच्या आतलं जे खरं हत्यार आहे ना, ते तर फुकटच मिळतं."

"फुकट? मग आषाढात आजोबांच्या कार्डावरून दोन हजारांवर रुपये कसले गेले?"

नात माझ्याकडे पाहू लागली आणि मी विळीकडे.

हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. म्हणणाऱ्याच्या खिशातून पैसे जायचे नसले म्हणजे ते म्हणायला सोपेही जाते. गेल्या वर्षभरात एका लहानशा हौसेचे मोल मला पैपैने मोजावे लागले. त्यात जे कळले ते या सदराच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे जरा आडवळणानेच सांगतो.

माझ्या सासूबाईंची एक वही आहे. १९५८ सालापासून त्यांनी ती लिहिली. अभंग, आरत्या, मंगळागौरीची गाणी, पाळणे, आणि मधूनच एखाद्या पानावर लिंबाच्या लोणच्याचे प्रमाण. त्या गेल्यावर वही धाकट्या लेकीकडे, म्हणजे हिच्याकडे आली. थोरल्या लेकीला, आमच्या ठाण्याच्या ताईंना, ते रुचले नाही. भांडण असे झाले नाही. आमच्यात भांडणे होत नाहीत, बोलणे कमी होते. गेली नऊ वर्षे दोघी बहिणींचे बोलणे सणासुदीला आणि तेही फोनवर होई, आणि त्यातला निम्मा भाग पाऊसपाण्याचा असे. हिच्या भजनी मंडळातल्या बायका वही मागत, पण पाने आता हात लावला की तुटतात, म्हणून ती कपाटातून बाहेर निघत नसे.

मी म्हटले, पानांचे फोटो काढा आणि वॉट्सॲपवर पाठवून मोकळे व्हा. नात म्हणाली, "आजोबा, शंभरावर पानं आहेत. सुप्रभातच्या गुलाबांत आठ दिवसांत हरवतील." आणि तिने मनावर घेतले. पानाचा फोटो सासूबाईंच्या अक्षरात, खाली तोच मजकूर चाळिशीवाचून वाचता येईल अशा मोठ्या टाइपात, आणि बोट ठेवले की हिच्या आवाजात चाल. असे ॲप ती शिकत शिकत करू लागली.

हत्यार फुकट, हे तिचे म्हणणे खरे होते. अँड्रॉइडच्या फोनांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचे अँड्रॉइड स्टुडिओ नावाचे साधन गूगल कंपनी कुणालाही मोफत देते. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१४ सालच्या डिसेंबरात आली. फ्लटर म्हणून दुसरे एक साधन आहे. त्यात एकदा लिहिले की अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींसाठी चालते. तेही मोफत. शिकवणारे व्हिडिओ मोफत. आम्हाला फक्त एवढेच कळले की स्टुडिओला कमीत कमी ८ जीबी मेमरी लागते आणि चिरंजीवांच्या जुन्या लॅपटॉपात होती ४. बटण दाबून नात अंघोळीला जाई आणि वेणी घालून येई, तरी यंत्र विचारच करीत बसलेले! शेवटी आजोबा आणि नात अशी आमची स्वारी मेमरीची पट्टी आणायला लॅमिंग्टन रोडला निघाली.

त्या रस्त्याला मी १९७१ साली पहिल्यांदा गेलो, तेव्हा सतरा वर्षांचा होतो. आम्ही तेव्हा गिरगावात राहत असू. ट्रान्झिस्टर रेडिओ स्वतः बनवायचे वेड डोक्यात शिरले होते. गँग, फेराइटची दांडी, कॉइली, स्पीकर असे एकेक सामान महिन्याच्या महिन्याला विकत घेऊन चाळीस-पंचेचाळीस रुपयांत तो उभा राहिला, साबणाच्या खोक्यात. ज्या दिवशी त्यातून विविध भारती ऐकू आली त्या दिवशी चाळीतल्या अर्ध्या लोकांनी येऊन पाहिला. वडील कचेरीतून आले, त्यांनी ऐकले आणि पहिला प्रश्न विचारला, "याचं लायसन?"

तरुण वाचकांना सांगितले पाहिजे की त्या काळी रेडिओ ऐकायला लायसन लागे. घरच्या रेडिओला वर्षाला १५ रुपये, आणि ते भरायचे पोस्टात. १९८०च्या दशकात ती पद्धत गेली. वडील पोस्टातलेच, दर वर्षी खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या रांगेकडून ते पैसे घेणारे. मी म्हटले, "पण हा मी बनवलाय." ते म्हणाले, "तू बनवलास म्हणून आकाशवाणी काय निराळी ऐकू येते?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नावावर त्याचेही लायसन काढले. सामानाचे पैसे मी शिकवण्या करून उभे केले होते. ते एकदाच लागले. लायसनचे मात्र दर वर्षी लागत, आणि दर वर्षी ते भरताना आई विचारी, "तो खोका अजून वाजतो का रे?"

असो. मेमरीची जुनी पण चालती पट्टी बाराशेला मिळाली आणि ॲप पुरे झाले. हिच्या फोनवर ते वायर लावून घातले. त्याला एक पैसा पडला नाही. पण मंडळातल्या वीस बायका! त्यांना नातीने फाइल पाठवली. फाइल उघडायला गेले की फोनच घाबरवी, की ही अनोळखी ठिकाणाहून आलेली वस्तू आहे, सांभाळा. बँकेच्या खात्यातले पैसे गेल्याच्या गोष्टी रोज पेपरात वाचणाऱ्या बायका त्या. त्यांनी पटापट फोन बंद केले आणि एकीने तर आपल्या मुलाला ऑफिसातून बोलावून घेतले. तेव्हा ॲप रीतसर गूगलच्या दुकानात, प्ले स्टोअरवर, ठेवणे आले. त्याला २५ डॉलर, एकदाच. तेच ते दोन हजारांवर रुपये.

खाते उघडणारा अठरा वर्षांचा हवा. नात सोळाची. चिरंजीव त्या आठवड्यात परगावी. परिणामी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ज्याला अजून फोनचा आवाज कमी करता येत नाही असा मी, ओळखपत्राची प्रत वगैरे देऊन ॲप-निर्माता झालो.

मला वाटले, पैसे भरले, संपले. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर स्वतःच्या नावाने खाते उघडणाऱ्यांसाठी गूगलचा एक नियम आहे. ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी काही माणसांनी सलग चौदा दिवस त्याच्या चाचणीत नाव नोंदवून राहायचे. आधी वीस माणसे लागत, डिसेंबर २०२४ पासून बारा पुरतात. कंपनीला कचरा माल नको असणार, ते समजते. पण ज्याच्यामागे ऑफिस नाही, चार मित्रही परीक्षेत गुंतलेले, त्याने बारा माणसे आणायची कुठून? आम्ही जमवली. मंडळातल्या सात, मी, चिरंजीव, सूनबाई, इस्त्रीवाला आणि रात्रपाळीचा वॉचमन. तो बिहारचा, मराठी अभंगांशी त्याचा काही संबंध नाही, पण चौदा दिवस तो इमानाने रोज ॲप उघडून हिच्या आवाजातली आरती ऐके. दगा दिला तो घरच्याच माणसाने म्हणावे तसा. नवव्या दिवशी मंडळातल्या एका बाईंच्या मुलाने आईचा फोन साफ करताना चाचणीतून नाव काढून टाकले. बाराचे अकरा झाले आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. या खेपेला नातीने पंधरा माणसे घेतली. पत्रिकेत "आपली उपस्थिती प्रार्थनीय" लिहितात तेवढ्या कळकळीने मी दोन मजले चढून तिघांच्या घरी गेलो.

याच दिवसांत एका रात्री चिरंजीव जेवून उठता उठता म्हणाले, "बाबा, भरलेत पैसे ते बरं केलंत." एवढेच. पण मुलगा चाळिशी ओलांडला की बापाला त्याचे अर्धे वाक्य पुरे वाचता येते. मी बसवून घेतले आणि मग त्याने सांगितले.

तो शाळा-कॉलेजात असताना क्लासात टर्बो पास्कल शिकला. ती फ्लॉपी त्याला मित्राने दिली, मित्राला आणखी कुणी. तिला किंमत असते हे कुणाच्या गावीही नव्हते. किंमत होती, १९८३ साली बोरलँड कंपनीने ते काढले तेव्हा ४९ डॉलर ९५ सेंट. आणि ती स्वस्त म्हणून गाजली, कारण त्या जातीची इतर साधने काही शे डॉलरांना पडत. ते लिहिणारा अँडर्स हेइल्सबर्ग हा डेन्मार्कचा तरुण. याच्याही आधी, फेब्रुवारी १९७६ मध्ये, वीस वर्षांच्या बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले होते. तक्रार अशी, की तुम्ही यंत्राचे पैसे मुकाट देता, पण प्रोग्रॅम मात्र एकमेकांकडून उतरवून घेता; मग तो लिहिणाऱ्याने खायचे काय? चिरंजीव म्हणाले, "बाबा, आम्ही सगळे त्या पत्रातलेच की हो." मी बँकेत छत्तीस वर्षे काढलेला माणूस. मुलाच्या फ्लॉप्यांचा डबा मी कौतुकाने पुसून ठेवीत असे. काय बोलणार!

पुढे नोकरीत त्याला सी-शार्प ही भाषा आली. तीही त्याच हेइल्सबर्गने मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन घडवलेली. २०१३ साली त्याच्या मनात आले की सोसायटीच्या रविवारच्या क्रिकेटचा धावफलक ठेवणारे ॲप करावे. सी-शार्पमध्ये फोनसाठी लिहायचे तर तेव्हा झॅमारिन नावाचे साधन होते. एका जातीच्या फोनसाठी वर्षाला २९९ डॉलर, म्हणजे त्या वेळचे अठरा-वीस हजार रुपये. एक मोफत आवृत्ती होती, पण तिच्यात लहानसाच प्रोग्रॅम मावे. दुसरी मोफत वाटही होती, पण त्यासाठी नवी भाषा शिकायला हवी होती आणि त्याचा दिवस साडेआठच्या गाडीला सुरू होऊन रात्री नवाला संपे. घराचा हप्ता चालू, नात चार वर्षांची, तिच्या शाळेची देणगी समोर. "हौसेपायी वीस हजार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वीस, हे मी हिला सांगणार कसं?" त्याने कुणालाच सांगितले नाही. आम्हालाही नाही.

२०१६ सालच्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली आणि मार्च संपता संपता ते साधन मोफत करून टाकले. "त्या दिवशी मी ऑफिसात बातमी वाचली," तो म्हणाला, "आणि पुढचं काम उघडलं." तोवर रविवारचे क्रिकेटही मोडले होते. खेळणारे गुडघे धरून बसले होते. १ मे २०२४ ला झॅमारिनचा आधारही कंपनीने काढून घेतला. त्याची जागा दुसऱ्या साधनाने घेतली. हत्यार महाग होते तेव्हा हौस होती, हत्यार फुकट झाले तेव्हा हौस म्हातारी झाली होती.

मला त्या रात्री झोप लागली नाही. मी एवढाच विचार करीत होतो, की माझ्या बापाने खोक्याचे लायसन न बोलता काढले आणि माझ्या मुलाने मला विचारलेसुद्धा नाही.

आता ताईंकडे वळतो. त्यांच्याकडे आयफोन आहे. मुलाने न्यू जर्सीहून आणलेला. ॲप मंडळात गाजले, तेव्हा त्यांचा फोन आला. पाऊसपाणी झाल्यावर म्हणाल्या, "आईची वही म्हणे फोनवर आली. आमच्या फोनला चालते का?" चालेल, नात म्हणाली. कारण फ्लटर. पण आयफोनसाठी ॲप बांधून काढायचे एक्सकोड हे साधन, फुकट असले तरी, ॲपलच्याच मॅक संगणकावर चालते. सगळ्यात स्वस्त मॅक मिनी घ्यायचा तर साठ हजारांच्या आसपास. सुदैवाने बी विंगमधल्या एका मैत्रिणीच्या भावाकडे मॅक आहे. त्यावर तिने ते केले.

पुढची अडचण निराळी. ॲपलच्या दुकानात माल मांडायला वर्षाला ९९ डॉलर पडतात. एकदा नव्हे, दर वर्षी. भरले नाहीत तर ॲप दुकानातून उतरते. न भरता स्वतःच्या किंवा जवळच्यांच्या फोनवर ते घालता येते. २०१५ पर्यंत तेवढेही नव्हते. पण असे घातलेले ॲप सात दिवस चालते. आठव्या दिवशी उघडत नाही, पुन्हा घालावे लागते.

रकमेबद्दल कंपनीला बोल लावता येणार नाही. २००८ साली दुकान उघडले तेव्हा ९९ होते, आजही ९९ आहेत. पण तेव्हा डॉलर बेचाळीस-त्रेचाळीस रुपयांचा होता, आता त्याच्या दुपटीवर गेला आहे. त्यांनी वाढवले नाही आणि आमचे दुप्पट झाले! कॅलिफोर्नियातल्या पगारदाराला आणि डोंबिवलीतल्या अकरावीच्या मुलीला एकच भाव. ज्याचा त्यावर धंदा आहे त्याला ही रक्कम काहीच नाही. त्याचा चहापाण्याचा खर्च याहून जास्त असेल. ज्याने वीस बायकांसाठी फुकट वही केली त्याला मात्र दर वर्षी घरच्यांपुढे उभे राहून सांगावे लागते की खोका अजून वाजतो. हिच्या शिवणाच्या मशीनने पंचेचाळीस वर्षांत तेलाखेरीज काही मागितले नाही. कधी चार-चार महिने ते झाकून ठेवलेले असते, आणि तरी दिवाळीला खण शिवायचा म्हटला की चालते. हौशी माणसाला अशी मधे थांबायची मुभा हवी असते. वर्षाच्या भाड्यात ती मिळत नाही.

तर ताई दर रविवारी फोन घेऊन येऊ लागल्या. ठाण्याहून अकराची गाडी, येताना कधी वालाचे बिरडे, कधी नुसतीच कढीलिंबाची जुडी. नात बी विंगमध्ये जाऊन अर्ध्या तासात काम करून येई. पण ताईंचे त्या अर्ध्या तासात होत नसे. पहिल्या रविवारी दोघी बहिणी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या होत्या. तिसऱ्या रविवारी ताई म्हणाल्या, "ही चाल तू चुकीची म्हटली आहेस, आई शेवटची ओळ वर नेई." हिने मान्य केले नाही. पाचव्या रविवारी कपाटातून खरी वही निघाली. लोणच्यात मोहरी किती यावर पुष्कळ बोलणे झाले. ते बोलणे थोडे मोठ्या आवाजातही झाले. मधे एक रविवार आम्ही लग्नाला गेलो होतो, तेव्हा सोमवारी ताईंचा फोन आला की वही उघडत नाही. चूक आमचीच. त्या मंगळवारीच आल्या.

आता बी विंगमधला तो मुलगा दिवाळीनंतर नोकरीला बंगळूरला जाणार, आणि मॅक त्याच्याबरोबर. मी परवा हिशेब मांडला. ९९ डॉलर म्हणजे आठ-नऊ हजार. चिरंजीव म्हणाले, निम्मे मी देतो. हे त्याने फार पटकन म्हटले. जाण्यापूर्वी तो मुलगा एकदा ॲप दुकानात चढवून देईल, मग ताईंचा प्रश्नच मिटला. रात्री मी हिला सांगितले, "अगं, भरून टाकू का पैसे? ताईंना या वयात दर रविवारी गाडीची दगदग."

ही वाती वळत होती.

"पैसे भरले की सात दिवसांची कटकट जाते?"

"जाते."

"मग तिला इथं यायला नको?"

"नको. घरबसल्या होईल."

हिने दोन-तीन वाती वळून ठेवल्या.

"आणि पैसे नाही भरले, पण मॅक आपल्याच घरात असला तर?"

"तर आहे तसंच चालू राहील. दर रविवारी."

"केवढ्याला म्हणालात तो?"

"साठ हजारांच्या आसपास!"

हिने वाती डब्यात भरल्या, झाकण लावले आणि दिवा मालवायला उठता उठता म्हणाली, "अहो, लॅमिंग्टन रोडला जुना मिळत असेल नाही?"